जखमांची पंगत

१

त्रिविक्रमच्या गळ्यात दोरा इतका खोल रुतला होता की विठोजीला आधी तो दिसलाच नाही. दिसलं ते नुसतं लाल, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि खुर्चीतून अर्धा खाली ओघळलेला एक सहा फुटी माणूस. डोळे बाहेर आलेले, जीभ दातांत चावलेली.

सोमवारची सकाळ, साडेआठ. विठोजीच्या खिशात एक रबरी विंचू होता. त्रिविक्रमच्या चहाच्या कपात तो सोडायचा, आणि मग जिन्यात उभं राहून किंकाळी ऐकायची, असा साधा बेत होता. आता त्या विंचवाचं काय करायचं ते त्याला सुचेना. तो हातात धरून तसाच उभा राहिला.

विठोजी जगताप हा बोम्मसंद्र्यातला जुना खोडकर. वय बावन्न. घराणं चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळुरात आलेलं, आता स्कूटरवर फिरणारं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि शिव्या दोन्हीकडच्या. खाली त्याचं लेथचं शॉप, वर भाड्याने त्रिविक्रमचं ऑफिस. त्रिविक्रमचा धंदा मोठा न्यारा. अंदमानात त्याची एक यॉट होती. हौशी लोकांना तो विमानाने तिकडे न्यायचा. आठ दिवस यॉटवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं. सकाळ-संध्याकाळ लहान होडीत बसून मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. विठोजी त्याला म्हणायचा, अरे, खायचा नाही तर मग पकडता कशाला? यावर त्रिविक्रम नुसता हसायचा.

आज त्रिविक्रमच्या डोक्याची डावी बाजू आत गेली होती. शेजारी शिशाची वीट पडली होती, तिला केस चिकटलेले. आधी वीट घातली, मग दोरा आवळला. टेबलावर पक्कड, तारा तोडायचा कटर आणि नव्या गळांचं फोडलेलं पाकीट. छातीला बांधायचा छोटा कॅमेरा उघडा, आतलं कार्ड गायब. आणि खुर्चीखाली, रक्ताच्या थारोळ्यात, त्रिविक्रमचा लाकडी पॉपर, म्हणजे मोठ्या माशाला भुलवायचा खोटा मासा, वीतभर लांब, नारळाच्या करवंटीसारखा टणक. त्याला दोन नवे कोरे गळ. पोटाखालचा धड होता. शेपटीच्या गळाचं टोक नव्हतं. कापलेलं होतं, साफ सपाट.

विठोजी वाकला, पण त्याने हात लावला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची फजिती करणाऱ्या माणसाला एवढं कळतं, की कुठे बोटांचे ठसे सोडायचे नसतात.

इन्स्पेक्टर उपेंद्र गौडा आले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जीपच्या एसीत कुणीतरी सुके बोंबील कोंबले होते. कोणी ते सिद्ध झालं नव्हतं, पण गौडा विसरलेही नव्हते. त्यांनी पॉपरकडे पाहिलं, म्हणाले, सगळं रक्त मेलेल्याचंच आहे. मग वॉचमनला विचारलं, काल इथून शेवटी कोण गेलं.

वॉचमनने सांगितलं, भूमिका मॅडम. सात वाजता. जाताना ओरडत होत्या, की तुला आकड्याने सोलून काढीन.

दहा वाजता पोलीस भूमिकाला घेऊन गेले. भूमिका म्हणजे विठोजीच्या मेलेल्या बहिणीची एकुलती एक मुलगी.

२

स्टेशनात भूमिका भिंतीला टेकून बसली होती. तीस वर्षांची, खांदे पुरुषासारखे, राग आईसारखा. ती त्रिविक्रमच्या यॉटची व्यवस्था पाहायची. तिच्या तळहातांवर दोऱ्याच्या लालभडक रेघा होत्या. गौडांनी त्याच आधी पाहिल्या. एवढ्या बारीक दोऱ्याने गळा हाडापर्यंत कापायचा तर ओढणाऱ्याचाही हात कापणारच.

विठोजीने गौडांना सांगितलं, की सर, आठ दिवस समुद्रावर जाऊन आलेल्या प्रत्येकाचे हात असेच असतात. गौडा म्हणाले, पाच वाजता हिला मॅजिस्ट्रेटसमोर उभी करणार. तोपर्यंत तुला दुसरा कोणी सापडला तर सांग. पण गंमत नको. या वेळी बोंबील निघाला तर तुलाही आत घालीन.

मग मामाने भाचीला विचारलं. ती भडाभडा बोलली.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, होडीत पाच जण होते. त्रिविक्रम, होडीवरचा खलाशी रघुनंदन, आणि बेंगळुराचे तीन पाहुणे. तिघांच्याही गळाला एकदमच जीटी लागले. जीटी म्हणजे रानडुकराच्या ताकदीचा मासा. तीन दोरे एकमेकांत गुंतले. रघुनंदनने त्यातला एक हातात धरला, दोन वेढे घेतले, मासा वर ओढायला. अशा वेळी रॉड धरणाऱ्याने रिळाचा ब्रेक सैल सोडायचा असतो. कुणीतरी उलट तो आवळला. मासा खाली गेला आणि रघुनंदनची तीन बोटं कापून गेला तो दोरा. बोटं होडीत पडली, तीसुद्धा कुणी उचलली नाहीत. रघुनंदन बेशुद्ध. दोरा कुणाचा, ते तिघांपैकी एकही सांगेना.

"मी तिकडे मोठ्या बोटीवर होते," भूमिका म्हणाली. "मामा, पहिल्या संध्याकाळी मी एकेक गळ तपासते. आतला उलटा काटा पकडीने चेपायचा, मग कॅप्टनसमोर कापसातून ओढून दाखवायचा. एक धागा अडकला तरी तो गळ पेटीत बंद. माशाला इजा नको, माणसाला नको. आणि इतकं करून बोटं नेली दोऱ्याने."

काल संध्याकाळी ती ऑफिसात गेली ती यासाठीच. त्रिविक्रमच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात सगळं आलेलं होतं. तो पोलिसांना का देत नाहीस म्हणून ती भांडली. तो म्हणाला, स्वल्प थांब, त्या माणसाला स्वतःहून कबूल करायची एक संधी देतो. त्यावर तिने टेबलावरची रिळं जमिनीवर आपटली, सोलून काढीन म्हणाली आणि निघून गेली.

"नाव सांगितलं त्याने?"

"नाही."

विठोजीने तिच्याकडे नीट पाहिलं. लहानपणी या मुलीने शेजारच्या पोराचा दात पाडला होता, आणि तासभर सांगत होती की तो स्वतःच पडला. त्याला ते नेमकं आत्ता आठवावं, याचा त्याला राग आला.

सकाळचे अकरा वाजत आले होते. सहा तास.

३

तिघा पाहुण्यांतला पहिला शार्दूल. पुण्याचा, आयटीतला, बेळ्ळंदूरला एकविसाव्या मजल्यावर राहणारा. विठोजी ट्रॅफिकमध्ये तासभर शिजून तिथे पोचला. शार्दूलने दार उघडलं तेच बोलत: काका, आय अ‍ॅम शॅटर्ड, लिटरली झोपलो नाहीये. दोरा कुणाचा विचारलं तर म्हणाला, पद्मनाभ सरांचा असेल, किंवा प्रांजलीचा, माझं लक्ष स्वतःच्या माशाकडे होतं. काल संध्याकाळी घरीच होता, एकटा.

प्रांजली त्याच रस्त्यावर, दोन बिल्डिंगा सोडून. मूळची नागपूरची, तिघांत सर्वांत तरबेज. ती तुटक उत्तरं देत होती. दोरा माझा नव्हता. काल जिमला गेले. शार्दूल घाबरट आहे, त्याने ब्रेक आवळला असेल.

पद्मनाभला फोन केला. हा जुन्या घराण्यातला, विठोजीच्याच नात्यागोत्यातला, साठीला टेकलेला. देवनहळ्ळीला त्याचे प्लॉट पाडलेले लेआउट. वीस वर्षं कावेरीवर मासे पकडलेले, पण यॉटवर पहिल्यांदाच गेला होता. आवाज जड झालेला. म्हणाला, "विठोजी, पोरगी आपली आहे. वकील मी बघतो. तू जेवलास का?"

विठोजीचं मन भरून आलं. या सगळ्यात जेवलास का म्हणून विचारणारा हा एकटाच.

तिघांकडे सांगण्यासारखं काही नाही, दोन्ही पोरांच्या हातांना पट्ट्या, आणि दोघंही बोट दुसऱ्याकडे दाखवतात. बेळ्ळंदूरच्या सिग्नलला उभ्या रिक्षात बसून विठोजी आपल्या टकलाचा घाम पुसत होता. दुसरा कुणी असता तर देवाचा धावा केला असता. विठोजीला आठवला तो त्रिविक्रमचा एक चावटपणा.

प्रत्येक सफर संपली की त्रिविक्रम पंगत घालायचा. जेवणाआधी सगळ्यांनी पट्ट्या सोडायच्या आणि आपापली जखम दाखवून तिची गोष्ट सांगायची. ज्याची जखम भारी त्याला बाटली. मासे सोडून दिलेले असतात, घरी न्यायला उरतात फक्त जखमा. म्हणून या लोकांना त्यांचा भारी अभिमान. ज्याला जखम नाही तो तोंड लपवतो. आणि जखम असून दाखवत नाही, असा मासेमार अजून जन्माला यायचाय.

त्याने तिघांना फोन लावले. म्हणाला, त्रिविक्रमची या सफरीची पंगत राहून गेली. त्याच्या आत्म्यासाठी माझ्या शॉपमध्ये दोन घास खाऊन जा. दोन वाजता. मटण आहे.

चौथा फोन गौडांना. गौडांनी आधी दोन मिनिटं शिव्या दिल्या. मग विचारलं, मटणाबरोबर मुद्दे आहेत का, नाचणीचे गोळे?

४

लेथच्या शॉपमध्ये विठोजीने सतरंजी टाकली. मागे पत्र्याच्या भिंतीपलीकडे स्टोअररूम. तिथे गौडा स्टुलावर ताट घेऊन बसले. ते भलत्या वेळी बाहेर येऊन रंगाचा बेरंग करतील, या भीतीने विठोजीने बाहेरून हळूच कडी घातली. हा शहाणपणा त्याला फार महागात पडणार होता.

तिघं आले. वर अजून रक्त पुसलेलं नव्हतं, जिन्यातून वास येत होता. कुणी ताटाला हात लावेना. विठोजीने त्रिविक्रमच्या नावाने एक पान वाढून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, चला, त्याची पद्धत मोडायची नाही. पट्ट्या सोडा.

शार्दूलला घाई होतीच. त्याने शर्ट वर करून जांघेजवळचा काळानिळा डाग दाखवला. रॉडचं बूड बसलं होतं. प्रांजली म्हणाली, हे काय दाखवायची जागा आहे का? मग त्याने उजव्या दंडावरची पट्टी काढली. मधोमध एक भोक, आता खपली धरलेलं. शुक्रवारी प्रांजलीने फेकताना मागे पाहिलं नाही आणि गळ याच्या दंडात बुडापर्यंत गेला. त्रिविक्रमने जागच्या जागी उलटा ओढून काढला. लोण्यातून सुई निघावी तसा. मी ओरडलोसुद्धा नाही काका, तो म्हणाला.

"ओरडलास," प्रांजली म्हणाली. "कॅप्टनला वाटलं बोट फुटली."

तिने स्वतःची बोटं पुढे केली. दहाच्या दहा, सांध्यांवर चिरलेली, आत गुलाबी मांस. दिवसाला तीनशे वेळा फेकलं की दोरा कातडी खातो. ती शांतपणे म्हणाली, बाटली मलाच मिळणार.

पद्मनाभ पट्टी सोडत नव्हता. म्हणाला, मेलेल्या माणसाच्या दारात हे बरं नव्हे. विठोजीने मान डोलावली. मग प्रांजलीकडे बघून उसासा टाकला, म्हणाला, पद्मनाभअण्णांना काही झालेलं नसणार, ते वयामुळे सावकाश फेकत असतील. बाटली पोरीला.

दोन पोरांसमोर सावकाश फेकणारा म्हणवून घेणं वीस वर्षांच्या मासेमाराला झेपलं नाही. पद्मनाभने डाव्या हाताची पट्टी दातांनी सोडवली.

तळहात सुजून वांग्यासारखा झाला होता. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर एक भोक. आणि तिथून मनगटाकडे, दोन पेरांच्या अंतरावर, दुसरं. दोन्हींच्या कडा फुलून वर आलेल्या.

शार्दूलच्या तोंडातून आपोआप वाहवा निघाली.

शनिवारचीच जखम, पद्मनाभ सांगू लागला. त्याच गडबडीत. मासा सुटला, पॉपर गोळीसारखा परत आला आणि गळ इथून घुसला. उलटा निघेना, काटा मांसात अडकलेला. त्रिविक्रमने टोक पुढे ढकलून इथून बाहेर काढलं, कटरने तोडलं, मग उरलेला मागे ओढला. रघुनंदन तडफडत होता, माझ्याकडे कोण बघणार? मी पण कुणाला बोललो नाही.

छान सांगितली गोष्ट. विठोजीने उठून बाटली पद्मनाभसमोर ठेवली.

५

"अण्णा, जिंकलात," विठोजी म्हणाला. "फक्त एक सांगा. शार्दूलचा गळ आला तसा परत गेला, एकच भोक. तुमचा पुढे ढकलून तोडावा लागला. का?"

"काट्यामुळे. सांगितलं की."

"त्या बोटीवर काटा कुठून आला?"

पद्मनाभने सोडलेली पट्टी पुन्हा हाताभोवती गुंडाळायला घेतली.

प्रांजलीला आधी कळलं. ती सतरंजीवरून मागे सरकली. म्हणाली, पहिल्याच संध्याकाळी सगळे काटे चेपले होते. भूमिकाने माझे तीन गळ पेटीत टाकले होते, कापूस अडकला म्हणून.

विठोजी बोलत राहिला. कावेरीवर वीस वर्षं तुम्ही काट्याच्या गळाने मासे पकडलेत अण्णा. गळ रुतला की पुढे ढकलून तोडायचा, हे तुमच्या हाडात बसलंय. दोन भोकं दाखवायची तर गोष्टही तशीच सांगावी लागणार. पण बिनकाट्याच्या गळाने दुसरं भोक पडतच नाही. काट्याचे नवे कोरे गळ होते ते इथे, वर, पाकिटातले. चेपायचे ते बोटीवर गेल्यावर, कॅप्टनसमोर. काल त्रिविक्रम पॉपरला तेच लावत बसला होता. तुम्ही मागच्या गल्लीने आलात. कार्ड मागितलंत. तो देईना. वीट उचललीत तेव्हा त्याच्या हातात होता तो पॉपर, तोच त्याने गदेसारखा हाणला. गळ तुमच्या हातात रुतला. तुम्ही आधी त्याला मारलंत, मग त्याच्याच कटरने टोक तोडून हात सोडवलात. वर पडलेल्या त्या गळाला टोक नाही. आणि त्याच्यावरचं सगळं रक्त काही त्रिविक्रमचं नसणार.

मागून पत्र्यावर धडधड सुरू झाली. कडी बाहेरून होती, गौडांना दार उघडत नव्हतं.

पद्मनाभ साठीचा होता, पण उठला तो विशीतल्यासारखा. भिंतीला दुरुस्तीसाठी आलेला गॅफ टांगला होता, बांबूच्या टोकाला बसवलेला मोठा लोखंडी आकडा. तो त्याने उजव्या हाताने काढला आणि विठोजीच्या मांडीत घातला. नुसता घातला नाही, मासा होडीत ओढावा तसा ओढला. विठोजीची विजार फाटली, मांडी फाटली, आणि तो सतरंजीवरून, मटणाच्या ताटांवरून, रस्सा आणि रक्त पसरत फरपटत गेला. आपल्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

शार्दूल भिंतीला चिकटून रडत होता. पद्मनाभने आकडा उपसला आणि गळ्याकडे वळवला. म्हणाला, त्यालाही हेच सांगितलं होतं, गप्प बस. ऐकलं नाही.

प्रांजलीने लेथवरचा बावीस नंबरचा पाना उचलून त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव तिने सुजलेल्या तळहातावर घातला. पद्मनाभ गुडघ्यांवर आला, आणि त्याच वेळी कडीसकट दार उखडून गौडा आत पडले, एका हातात पिस्तूल, दुसरा मुद्द्याने बरबटलेला.

कडी कुणी लावली, असं त्यांनी आधी विचारलं.

बेड्या घालताना पद्मनाभ शांत झाला होता. रघुनंदनचं नाव त्याने काढलं नाही, त्रिविक्रमचंही नाही. गौडांना तो समजावत होता, धंद्याची गोष्ट सांगावी तसा. "सत्तर किलोचा होता. ब्रेक सोडला असता तर खडकात गेला असता. तुम्हीच सांगा, असा मासा कुणी सोडतं?"

६

मांडीला एकोणीस टाके पडले. विठोजी इस्पितळातून पळून, रिक्षात आडवा पडून, पावणेपाचला स्टेशनच्या दारात पोचला. भूमिका बाहेर आली. चप्पल हातात, केस सुटलेले. तिला सगळं गौडांनी सांगितलं होतं. तिने फक्त विचारलं, रघुनंदनला कुणी कळवलं का. विठोजीने नाही म्हणून मान हलवली. तिने पायरीवर बसूनच पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात फोन लावला, आणि कुणाचा दोरा होता ते रघुनंदनला सांगितलं. पलीकडून काय आलं ते विठोजीला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ नुसती हं, हं करत होती. एकदा म्हणाली, नाही रे, तू वेढे घेतलेस म्हणून नाही. तुझी चूक नव्हती.

फोन ठेवून ती रिक्षात मामाशेजारी बसली. होसूर रोडला गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या.

"मामा."

"हं."

"तुला वाटलं होतं का, की मीच मारलं?"

बोम्मसंद्र्यात असा माणूस नव्हता ज्याला विठोजीने कधी थाप मारली नव्हती. बँक मॅनेजरला मारली होती, भटजीला मारली होती, स्वतःच्या सासऱ्याला तर लग्नाच्या दिवशीच. एक साधी थाप, दोन अक्षरी, आत्ता जिभेवर तयार होती. ती बाहेर येईना.

"दोन वाजेपर्यंत," तो म्हणाला. "तो हात दिसेपर्यंत."

सिग्नल एकदा सुटला, पुन्हा लागला. मग भूमिकाने मूठ वळली आणि मामाच्या मांडीवर, बरोब्बर टाक्यांवर, जीव खाऊन हाणली.

विठोजी इतका मोठ्याने ओरडला की शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. रिक्षावाला घाबरून मागे वळला.

"सरी अण्णा, काही नाही, तू चालव," भूमिका त्याला म्हणाली, आणि डोकं मामाच्या खांद्यावर टाकून मोठ्याने रडायला लागली.